मध्यम वयातील सायकल : मात्रा, क्रम आणि वैद्याचे कर्तव्य

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन ही आयुर्वेदाची दोन प्रयोजने आपण सर्वांनी पदवीच्या पहिल्या वर्षीच कंठस्थ केलेली असतात. व्यवसायात पडल्यावर मात्र सारा दिवस दुसऱ्या प्रयोजनातच सरतो. पहिल्याची आठवण बहुधा रुग्णच करून देतो. अलीकडे चिकित्सालयात वारंवार ऐकू येणारा प्रश्न असा : "डॉक्टर, वजन वाढलंय, साखर सीमारेषेवर आहे. चालायला गेलं की गुडघे बोलतात. शाळेत असताना रोज सायकल चालवायचो, ती पुन्हा सुरू करू का?"

या प्रश्नाला आपण सहसा "करा, उत्तम व्यायाम आहे" एवढे उत्तर देऊन पुढच्या रुग्णाकडे वळतो. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. एखादे चूर्ण देताना आपण मात्रा, काल, अनुपान आणि पथ्य सांगतो. नुसते "चूर्ण घ्या" असे म्हणत नाही. व्यायाम ही अद्रव्यभूत चिकित्सा आहे. द्रव्याला जे नियम लागू होतात ते तिलाही लागू होतात, आणि मात्रा चुकली तर अपायही होतो. पंचवीस-तीस वर्षांच्या खंडानंतर सायकलीवर बसणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत हा अपाय गुडघ्याच्या वेदनेपासून हृदयाच्या आघातापर्यंत कोणताही असू शकतो. म्हणून हा विषय व्यावसायिक वैद्य व औषधालयचालक या दोघांच्या दृष्टीने थोड्या विस्ताराने मांडत आहे.

सायकल सुटलेली पिढी

आज पंचेचाळीस ते पन्नास वर्षांची असलेली पिढी साधारण १९७५ ते १९८० च्या आसपास जन्मलेली आहे. तासाच्या हिशेबाने भाड्याची सायकल आणून, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत ती शिकली. पुढे वडिलांची किंवा थोरल्या भावाची काळी सायकल वाट्याला आली. ही पिढी शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात सायकलनेच गेली. घरात मोपेड किंवा स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली गेली. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या 'लुना'पासून हे स्थित्यंतर सुरू झाले होते. नव्वदीच्या दशकानंतर ते पूर्ण झाले. सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे दुचाकींचे शहर झाले, आणि इतर शहरेही त्याच वाटेने गेली.

आता तीच माणसे उलट प्रवास करू पाहत आहेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक घरांत गिअरच्या सायकली आल्या. त्यांतील कित्येक आज सोसायटीच्या वाहनतळात धूळ खात उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना विचारले तर कारणे ठराविकच मिळतात : गुडघा धरला, कंबर धरली, बसायला त्रास झाला, दम लागला. आळस हे कारण आपण समजतो तितके मोठे नाही. योग्य क्रम सांगणारा कोणी भेटला नाही, हे खरे कारण आहे.

वय आणि बल

सुश्रुताचार्यांनी मध्यम वयाचे चार भाग केले आहेत : वृद्धी, यौवन, संपूर्णता आणि हानी. चाळिशीपर्यंत धातू, इंद्रिये व बल यांची संपूर्णता असते. त्यानंतर सत्तरीपर्यंत किंचित किंचित हानी होत जाते. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. बैठी जीवनशैली असणाऱ्या प्रौढात प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमानही हळूहळू कमी होऊ लागते.

मनाला मात्र ही हानी कळत नाही. सायकलचा तोल एकदा आला की जन्मभर विसरत नाही, आणि नेमके हेच फसवे ठरते. पहिल्याच दिवशी सायकल सहज चालते, सतरा वर्षांच्या मुलाचा उत्साह येतो आणि मनुष्य दहा किलोमीटर जाऊन येतो. तोलाची स्मृती शाबूत असते, पण बल सतरा वर्षांच्या मुलाचे नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. व्यायामाला सर्व धातू सारख्या वेगाने प्रतिसाद देत नाहीत. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, मांसधातूला बल येण्यास त्याहून थोडा अधिक काळ लागतो; कंडरा, स्नायुबंध व अस्थी यांना मात्र महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "आता जमतंय" असे वाटून मनुष्य अंतर एकदम वाढवतो, आणि त्याच वेळी गुडघा दुखू लागतो. हृदय व फुप्फुसे तयार झालेली असतात, कंडरा मागे राहिलेल्या असतात. रुग्णाला हे आधीच सांगितले तर तो थांबतो. नंतर सांगितले तर सायकल सोडतो.

शास्त्रदृष्टी : व्यायाम आणि यान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाची फले सांगितली आहेत : लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, क्लेश सहन करण्याची शक्ती, दोषक्षय आणि अग्निवृद्धी. त्याच ठिकाणी अतिव्यायामाचे दुष्परिणामही येतात : श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रुग्णासाठी शंभर योजने पायी चालणे किंवा विहीर खणणे असे कष्टाचे उपाय सांगितले आहेत. त्याच अध्यायात घोडा व हत्ती यांवरील आरोहणासारख्या क्रियांचाही निर्देश आहे. वाढलेल्या प्रमेहात व मेदोवृद्धीत शरीर हलते ठेवणे ही चिकित्सेची मुख्य बाजू आहे, हे यावरून स्पष्ट होते.

पण याच ग्रंथांत यानाचे दोषही सांगितले आहेत आणि ते सोयीस्करपणे विसरून चालणार नाही. वातरक्ताच्या निदानात हत्ती, घोडा, उंट यांवरील प्रवास आहे. अर्शाच्या निदानात विषम व कठीण आसन तसेच हादरे देणाऱ्या वाहनांचा उल्लेख आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात पंचकर्मानंतर वर्ज्य सांगितलेल्या आठ महादोषकर भावांत रथक्षोभ आहे आणि त्याने संधींचे शैथिल्य होते असे म्हटले आहे.

सायकलीत या दोन्ही बाजू एकत्र येतात. पाय चालतात तेव्हा ती व्यायाम असते. बैठक, हात व पाठ यांच्या दृष्टीने ती यान असते. व्यायामाची मात्रा सांभाळणे आणि यानाचा क्षोभ कमी करणे, असे दुहेरी काम वैद्याला करावयाचे आहे.

लाभ कितपत?

गुडघ्यावर शरीराचा पूर्ण भार न येता मांड्या व नितंबांचे मोठे स्नायू काम करतात, हा सायकलचा विशेष गुण आहे. स्थूल व्यक्ती आणि संधिवाताची सुरुवात असलेले रुग्ण यांना तो विशेष उपयोगी पडतो. कोपनहेगन येथील लोकांच्या दीर्घ निरीक्षणातून सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामावर सायकलने न जाणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के अधिक आढळले. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक प्रौढांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. मुळात निरोगी माणसेच सायकल चालवतात, हा भाग संशोधकांनी गणिताने वेगळा करण्याचा प्रयत्न केला असला, तरी तो पूर्णपणे वेगळा होतोच असे नाही. ब्रिटनमधील त्याच लोकसमूहावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, सायकलस्वारांमध्ये दुखापतीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४५ टक्के अधिक आढळले. लाभ सांगताना दुखापतीचा हा आकडाही सांगितला पाहिजे.

दोन मर्यादाही रुग्णाला सांगाव्यात. पहिली वजनाविषयी. सत्तर किलो वजनाचा मनुष्य सावकाश अर्धा तास सायकल चालवतो तेव्हा सुमारे १४० कॅलरी खर्च होतात. एका वडापावमध्ये याच्या जवळजवळ दुप्पट असतात. रविवारी वीस किलोमीटर जाऊन मिसळीवर ताव मारणाऱ्या मंडळींचे वजन का उतरत नाही, याचे उत्तर यात आहे. आहाराचे पथ्य पाळल्याशिवाय केवळ सायकलने मेद घटत नाही. दुसरी मर्यादा अस्थिधातूची. सायकलवर शरीराचा भार अस्थींवर पुरेसा येत नसल्याने अस्थिबल वाढण्यास तिचा फारसा उपयोग नाही. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस जिने चढणे, बैठका, वजन उचलणे अथवा सूर्यनमस्कार यांची जोड हवी. रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांना हे आवर्जून सांगावे.

आरंभापूर्वी परीक्षण

चाळिशीनंतर नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पुढील गोष्टी विचाराव्यात व तपासाव्यात.

१) चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात वेदना, डोळ्यांपुढे अंधारी, अकारण धडधड यांपैकी काही होते का? होत असेल तर हृद्रोगतज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत सायकल नको.

२) वडील किंवा भाऊ यांना कमी वयात हृदयविकार झाला आहे का? धूम्रपान व तंबाखूचे व्यसन आहे का? मधुमेह किती वर्षांचा? उत्तरे होकारार्थी असतील तर तक्रार नसतानाही हृदयाची तपासणी करून घेणे हिताचे आहे.

३) रक्तदाब. विश्रांतीच्या स्थितीत तो १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल तर आधी तो आटोक्यात आणावा.

४) मधुमेही रुग्ण इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील औषध घेतो का? घेत असेल तर व्यायामाने साखर एकाएकी खाली येऊ शकते. निघण्यापूर्वी ती १०० च्या खाली असेल तर काही खाऊन मगच निघावे. २५० च्या वर असून मूत्रात कीटोन असतील तर त्या दिवशी व्यायाम करू नये. खिशात साखर वा खडीसाखर नेहमी असावी. दृष्टिपटलाला मधुमेहाने बाधा झाली असेल तर नेत्रतज्ज्ञाची अनुमती घ्यावी.

५) भ्रम, अपस्मार, रक्तार्श, आंत्रवृद्धी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, तीव्र पांडू यांत त्या त्या व्याधीची चिकित्सा आधी करावी. भ्रम व अपस्मार असलेल्यास रस्त्यावरील सायकल नकोच.

चालू असलेली रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी सायकल सुरू केली म्हणून रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. काही महिन्यांनी मात्रा कमी करण्याची वेळ येऊ शकते, पण ती मोजमाप करून, औषध देणाऱ्या चिकित्सकाच्या सल्ल्यानेच. अर्जुनाचा क्षीरपाक हा हृद्रोगाच्या तपासणीला पर्याय नाही.

सायकलचे माप

हा भाग वैद्याचा नाही असे वाटेल, पण मध्यम वयातील सायकलस्वाराच्या निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. काही काळापूर्वी एक बँक कर्मचारी दोन्ही गुडघ्यांच्या पुढच्या बाजूच्या वेदनेसाठी माझ्याकडे आले. दोन महिने ते स्वतःच औषधालयातून तेल आणून लावत होते. लावले की रात्री बरे वाटे, सकाळी सायकल चालवली की पुन्हा तेच. शोथ नव्हता, संधींची हालचाल पूर्ण होती. सायकल बाहेरच उभी होती, म्हणून त्यांना तीवर बसावयास सांगितले. पाय टेकता यावेत म्हणून त्यांनी सीट अगदी खाली केली होती; प्रत्येक फेऱ्यात गुडघा पूर्ण दुमडत होता. सीट वर घेतली, तेल तेच ठेवले, तीन आठवड्यांत वेदना गेली. निदानपरिवर्जनाचे इतके सोपे उदाहरण विरळाच.

सीटची उंची ठरविण्याची साधी रीत अशी : भिंतीला धरून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे व त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत गुडघा सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात किंचित बाक राहतो, तेवढाच हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखते. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे दुखते व कंबर डावी-उजवीकडे डुलते. या उंचीवर बसल्या जागी दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय करावी लागते. ती दोन दिवसांत होते.

सीट सपाट असावी. तिचे टोक वर गेलेले असेल तर शिवणीच्या जागेवर दाब येऊन तेथे बधिरता येते. फार मऊ व फार रुंद सीट आरामाची वाटते, पण लांब अंतरावर मांड्यांना घासते. हँडल सीटच्या उंचीइतके किंवा थोडे वर असावे. ते खाली असेल तर मान, कंबर व तळहात यांवर भार येतो. करंगळी व अनामिका बधिर होऊ लागल्या तर तळहातावरील दाबामुळे नाडी दबते आहे असे समजावे. जड गिअरवर जोर लावून सावकाश चालवण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला साठ ते सत्तर फेरे मारावेत. बिनगिअरच्या सायकलने चढ आला तर उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

अर्धशक्ती व पादांशिक क्रम

व्यायाम किती करावा याचे उत्तर अर्धशक्ती या एका शब्दात आपल्या शास्त्रात आहे. कपाळ, नाक, काखा व संधी यांवर घाम येणे, मुखशोष होणे आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही तिची लक्षणे होत. ती दिसली की थांबावे. याला जोडून एक सोपी कसोटी रुग्णाला द्यावी : सायकल चालवताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. शब्दाशब्दाला दम लागत असेल तर जास्त आहे. नाडी मोजणाऱ्यांसाठी, २२० वजा वय या स्थूल सूत्राने पंचेचाळीस वर्षांच्या व्यक्तीची कमाल गती १७५ येते. तिच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे ८८ ते १२२ ठोके, ही आरंभीची मर्यादा समजावी. बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर नाडीचे हे गणित लागू पडत नाही. तेथे बोलण्याची कसोटीच विश्वसनीय.

ज्या सातव्या अध्यायात चरकाचार्यांनी व्यायाम सांगितला, त्याच अध्यायात अहितकर सवय सोडण्याचा व हितकर सवय धरण्याचा पादांशिक क्रमही सांगितला आहे. त्याला अनुसरून आठ आठवड्यांची योजना अशी करता येते :

पहिला व दुसरा आठवडा : दिवसाआड १० ते १५ मिनिटे, केवळ सपाट रस्ता.
तिसरा व चौथा आठवडा : दिवसाआड २० मिनिटे.
पाचवा व सहावा आठवडा : आठवड्यातून चार दिवस, २५ मिनिटे.
सातवा व आठवा आठवडा : आठवड्यातून पाच दिवस, ३० मिनिटे.

शेवटच्या टप्प्यावर आठवड्याला १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी मध्यम तीव्रतेच्या व्यायामाची हीच किमान मर्यादा सांगितली आहे. उड्डाणपूल, घाट व लांब पल्ला यांचा विचार त्यानंतर करावा. वाढविण्याचा नियम एकच : दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर वेदना किंवा जडपणा शिल्लक असेल तर एक पायरी मागे यावे. वेदना दाबून पुढे जाऊ नये. वेदनाशामक गोळी घेऊन सायकलवर बसणे तर सर्वथा त्याज्य.

काल, ऋतू व आहार

हेमंत, शिशिर व वसंत हे अर्धशक्ती व्यायामाचे ऋतू. इतर ऋतूंत त्याहूनही अल्प. ज्याला आरंभ करावयाचा आहे त्याने शक्यतो दिवाळीनंतर करावा, म्हणजे वसंताच्या कफप्रकोपापर्यंत अभ्यास स्थिर होतो. वैशाखात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, सूर्योदयानंतर लवकरच घरी परतावे व अंतर निम्म्यावर आणावे. वर्षा ऋतूत अग्निमांद्य, वातप्रकोप व निसरडे रस्ते यांचा विचार करून घरातील स्थिर सायकल किंवा आसने बरी.

अजीर्णात व भरल्या पोटी व्यायाम नको. तीव्र भूक वा तहान असतानाही नको. मलमूत्राचा वेग धरून निघू नये. सोबत पाणी असावे व ते घोट घोट प्यावे. दिनचर्येत अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान असा क्रम आहे. गुडघे व कंबर यांना कोमट तेल लावून अर्ध्या तासाने पुसून निघावे. तळहात व तळपाय मात्र कोरडे असावेत, नाहीतर ब्रेक व पायडलवरून घसरण्याचा धोका. परत आल्यावर घाम जिरू द्यावा व मगच स्नान करावे.

रस्त्याविषयीही बोलावे. शिरस्त्राण, मागे लाल दिवा, फिकट रंगाचे कपडे ही चैनीची वस्तू नव्हे. ओढणी, साडीचा पदर, धोतराचा सोगा चेनमध्ये किंवा चाकात अडकतो. तो खोचून घ्यावा. स्त्रियांना मधली दांडी नसलेली सायकल सोयीची. पहाटे भटकी कुत्री मागे लागतात. अशा वेळी वेग वाढवण्यापेक्षा थांबून उतरावे व सायकल मध्ये धरावी. चावा लागलाच तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन लगेच लसीसाठी रुग्णालयात जावे.

औषधालयाच्या काउंटरवर

औषधालयचालक बंधूंना येथे एक वेगळी विनंती. रुग्ण वैद्याकडे जाण्यापूर्वी तुमच्याकडे येतो. "सायकल चालवून गुडघा धरलाय, चांगलं तेल द्या" म्हणतो. महानारायण किंवा सहचर तेल द्यावे, पण सोबत दोन प्रश्न विचारावेत : सीट किती उंच आहे, आणि एकदम किती अंतर वाढवले? गुडघा सुजला असेल, गरम लागत असेल, अडकत असेल किंवा दोन आठवड्यांत वेदना कमी झाली नसेल तर तेलाची दुसरी बाटली देण्याऐवजी वैद्याकडे पाठवावे. गुद व शिवणीच्या जागी घासून त्वचा सोलवटली असेल तर जात्यादि तेल उपयोगी पडते. रक्त पडत असेल तर मात्र परीक्षणाशिवाय औषध नको.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी. सायकलवरून येऊन घामाघूम झालेला ग्राहक छातीवर हात ठेवून "गॅस झालाय, हिंग्वाष्टक द्या" किंवा "शंखवटी द्या" म्हणाला, तर क्षणभर थांबावे. श्रमाने येणारे व विश्रांतीने कमी होणारे दडपण, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी वेदना, श्वास लागणे, मळमळ यांपैकी काहीही असेल तर त्याला बसवावे, नातेवाइकांना बोलवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ई.सी.जी.ची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. त्याला पुन्हा सायकलवर बसून जाऊ देऊ नये. मधुमेहींमध्ये ही लक्षणे अस्पष्टही असतात. शेवटी तो गॅसच निघाला तर ग्राहकाचे दोन तास जातील. तो गॅस नसेल तर त्याचे प्राण वाचतील. विक्रीच्या दृष्टीने त्या दिवशी एका डबीचा तोटा होईल. आयुर्वेदावरील विश्वासाच्या दृष्टीने तो तोटा नव्हे.

उपसंहार

रुग्णपत्रिकेत आपण आहार, निद्रा, मल, मूत्र यांची नोंद करतो. त्यात व्यायाम या शब्दापुढे प्रकार, काल, अंतर आणि दुसऱ्या दिवशीची लक्षणे असे चार रकाने वाढवावेत. सहा महिन्यांत प्रत्येकाकडे उपयुक्त नोंदी जमा होतील. कोणत्या प्रकृतीच्या रुग्णाने सायकल टिकवली, कोणी कितव्या आठवड्यात सोडली, साखर व रक्तदाब किती बदलले, हे आपल्या बैठकांत मांडता येईल. अनुभवाची अशी मोजदाद आपल्या व्यवसायात कमी होते, ही उणीव सर्वांनाच जाणवते.

शेवटची गोष्ट आपल्याविषयीच. वैद्य सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून असतो, औषधालयचालक काउंटरमागे उभा असतो. दुपारचे जेवण अवेळी, निद्रा अवेळी. स्थौल्य व प्रमेह यांची जी निदाने आपण रुग्णांना समजावून सांगतो, त्यांतील बहुतेक आपल्या दिनक्रमात आहेत. जिन्याखालची सायकल बाहेर काढून हवा भरावी, सीट योग्य उंचीवर आणावी आणि उद्या सकाळी सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालवावी. अकरावे मिनिट पुढच्या आठवड्यासाठी ठेवावे.